चावा जुळत नसेल तर आधी काय तपासायचं, मग काय करायचं (पुणेकरांसाठी धागा)

तिरकी_दाढ (धागाकर्ती)

दातांच्या तारांवरच्या चर्चा बहुधा "मेटल की सिरॅमिक की अलाइनर (दातांवर घालायचे पारदर्शक प्लॅस्टिकचे साचे)" इथून सुरू होतात आणि खर्चावर येऊन थांबतात. दात कशाने हलवायचे हे खरं तर सगळ्यात शेवटी ठरतं. चावा दातांमुळे बिघडलाय, जबड्याच्या हाडामुळे, की तोंड मिटताना खालचा जबडा सरकतो म्हणून, हे आधी कळायला हवं. तिन्ही प्रकार आरशात सारखेच दिसू शकतात, उपचार मात्र पूर्ण वेगळे.

आधी मापं. दाढा मिटल्यावर वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या २ ते ३ मिमी पुढे असतात आणि खालच्या दातांची साधारण एक तृतीयांशापर्यंत उंची झाकतात. बाजूला वरच्या दाढांची बाहेरची टोकं खालच्या दाढांच्या बाहेर येतात. ती आत पडली तर क्रॉसबाइट. पुढचे दात टेकतच नसतील तर ओपन बाइट. खालचे दात वरच्यांमागे पूर्ण लपून टाळूला टोचत असतील तर डीप बाइट.

केस पेपरवर "क्लास १, २, ३" लिहिलेलं असतं ती एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये केलेली वर्गवारी. वरच्या पहिल्या कायमच्या दाढेचं पुढचं बाहेरचं टोक खालच्या दाढेच्या बाहेरच्या खाचेत बसलं की क्लास १. खालची दाढ त्यामानाने मागे असेल तर २, पुढे असेल तर ३. हे नातं दाढांचं आहे, हाडांचं नाही. वरची दुधाची दाढ किडून लवकर काढली तर तिच्यामागची कायमची दाढ पुढे सरकते आणि जबडा ठीक असूनही कागदावर क्लास २ येतो. हाड कुठे आहे हे कळायला चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, म्हणजे सेफ लागतो. त्यात वरच्या आणि खालच्या जबड्यातला फरक दाखवणारा एएनबी कोन २ अंशांच्या आसपास अपेक्षित असतो. ५-६ च्या वर गेला तर हाडाचा क्लास २ धरून विचार करायचा, उणे आला तर हाडाचा क्लास ३.

आता जबडा सरकतोय का हे बघायची पद्धत, कारण हीच पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते. मुलाला सरळ बसवायचं. तोंड उघडं ठेवून वरच्या दोन पुढच्या दातांमधली रेघ आणि खालच्या दोन दातांमधली रेघ बघायची. मग जिभेचं टोक टाळूच्या मागच्या भागाला लावून अगदी सावकाश तोंड मिटायला सांगायचं, आणि पहिला दात टेकला की थांबवायचं. उघड्या तोंडात रेघा जुळतात, पहिल्या टेकण्यापर्यंत जुळतात आणि पूर्ण मिटताना खालची रेघ एका बाजूला जात असेल, तर जबडा सरकतोय. त्या बाजूला बहुतेक वेळा क्रॉसबाइट असतो आणि पहिला टेकणारा दात बऱ्याचदा दुधाचा सुळा असतो. उघड्या आणि मिटलेल्या, दोन्ही अवस्थांत रेघ तेवढीच सरकलेली असेल तर कारण दातांत किंवा हाडात आहे. उलट्या चाव्याच्या (खालचे पुढचे दात वरच्यांच्या पुढे येणाऱ्या) मुलांतही हेच बघायचं. जबडा मागे नेऊन पुढचे दात टोकाला टोक लावता येत असतील तर केस बरीच सोपी.

उपचारांचा क्रम असा: आधी वरच्या जबड्याची रुंदी, मग पुढे-मागे, मग उंची आणि बारीक जुळणी. रुंदी का आधी, तर दातांच्या अरुंद वरच्या कमानीत खालचा जबडा पुढे आणायला जागाच नसते.

वयाचं म्हणाल तर पहिली तपासणी सातव्या वर्षी. तोवर पहिल्या कायमच्या दाढा आणि पुढचे काही दात आलेले असतात. सातव्या वर्षी तपासणी म्हणजे सातव्या वर्षी तारा नव्हेत. बहुतेक मुलांना "सहा महिन्यांनी दाखवा" एवढंच सांगितलं जातं आणि तेच बरोबर असतं.

मोगरा_१२

एका बाजूचा क्रॉसबाइट आठ-नऊ वर्षांच्या मुलांत दिसला की "सगळे दात येऊ देत, मग बघू" असा सल्ला सर्रास मिळतो. थांबल्याने नेमकं काय बिघडतं? आणि वरचा जबडा रुंद करायला टाळूत बसवतात त्या स्क्रूची चावी घरी पालकांनीच फिरवायची असते, तिची नीट पद्धत कोणी लिहील का?

तिरकी_दाढ

थांबलं तर मूल रोज हजारदा जबडा एका बाजूला नेऊन मिटतं आणि वाढ त्याच तिरक्या स्थितीत होते. आज जे सरकणं आहे ते पुढे हाडाचा तिरकेपणा होऊ शकतं. आणखी एक, एकाच बाजूला दिसणारा क्रॉसबाइट पुष्कळदा दोन्ही बाजूंनी अरुंद असलेल्या वरच्या जबड्यातून आलेला असतो. मूल आपल्या सोयीने जबडा एकीकडे नेतं, म्हणून एकच बाजू उलटी दिसते. त्यामुळे रुंदी दोन्हीकडे वाढवावी लागते. फक्त दुधाचा सुळा अडत असेल तर त्याचं टोक घासूनही काम भागतं, पण कमान पुरेशी रुंद आहे हे मोजल्यावरच.

चावीची पद्धत:

चावीला दोऱ्याचा लांब फास बांधा, तो मनगटात अडकवा. हातातून सुटली तरी घशात जाणार नाही. मुलाला आडवं झोपवून मान थोडी मागे करा आणि मोबाइलचा टॉर्च लावा. स्क्रूच्या मधोमध छिद्र दिसतं. त्यात चावी पूर्ण आत घालून पुढून मागे, म्हणजे दातांकडून घशाकडे ढकला. पुढे नवं छिद्र पूर्ण गोल दिसलं की एक फेरी झाली. अर्धंच दिसलं तर फेरी अपुरी आहे आणि दुसऱ्या दिवशी चावी आत जाणारच नाही. सर्वाधिक चूक होते ती चावी काढताना. ती पुढे ओढून काढली तर स्क्रू परत मागे फिरतो. ती मागच्या बाजूला झुकवूनच खाली काढायची.

एका फेरीत स्क्रूप्रमाणे ०.२ ते ०.२५ मिमी उघडतं. जलद पद्धतीत रोज दोन फेऱ्या, सकाळ-संध्याकाळ, म्हणजे दिवसाला साधारण अर्धा मिमी. तारीख लिहून फेऱ्यांची नोंद ठेवा. विसरलेली फेरी दुसऱ्या दिवशी दोनच्या चार करून भरून काढायची नाही. नाकाच्या मुळाशी आणि डोळ्यांच्या मधे पाच-दहा मिनिटं दाब जाणवतो, तो अपेक्षित आहे. आठवड्याभरात वरच्या दोन पुढच्या दातांत फट पडते. पालक घाबरतात, पण ती फट म्हणजे टाळूची मधली शिवण उघडल्याची खूण. हिरडीतले तंतू तीच फट काही महिन्यांत बंद करतात. आठवडा उलटूनही फट नाही, उलट दाढा बाहेरच्या बाजूला कललेल्या दिसताहेत, तर फेऱ्या थांबवून डॉक्टरांना दाखवा.

वरच्या दाढांची आतली टोकं खालच्या दाढांच्या बाहेरच्या टोकांवर टेकेपर्यंत, म्हणजे हवं त्यापेक्षा थोडं जास्त रुंद करतात. मग स्क्रू कॉम्पोझिटने (दातात भरतात त्या पांढऱ्या सिमेंटने) बंद करून निदान ३ ते ६ महिने तसाच ठेवायचा. शिवणीत नवं हाड भरायला तेवढा वेळ लागतो. लवकर काढला की रुंदी परत जाते. वय पंधरा-सोळाच्या पुढे गेलं की शिवण एकमेकांत गुंतते आणि दातांवर बसवलेल्या स्क्रूने उघडेलच असं नाही. मग टाळूत मिनी-स्क्रू रोवून त्यांच्या आधाराने रुंदीकरण करतात, किंवा शस्त्रक्रियेची मदत घेतात.

मेण_आणि_प्लास्टर

लॅबच्या बाजूने ट्विन ब्लॉकबद्दल. क्लास २ मध्ये खालचा जबडा मागे असलेल्या वाढत्या मुलांना ही ठोकळे असलेल्या वर-खाली दोन प्लेटची जोडी देतात. स्कॉटलंडचे विल्यम क्लार्क यांनी ती १९७७ मध्ये तयार केली. दोन्ही ठोकळ्यांचे उतार ७० अंशांचे असतात आणि मिटताना खालचा जबडा त्या उतारावर पुढे अडकतो.

लॅबमध्ये केस फसते ती मेणाच्या चाव्यामुळे. मेणात घेतलेला चावा असा हवा: जबडा ५ ते ७ मिमी पुढे, मधल्या रेघा जुळलेल्या, पुढच्या दातांत २ मिमी फट आणि उपदाढांच्या (सुळा आणि दाढा यांच्या मधले दात) जागी ५ ते ६ मिमी उंची. उंची कमी मिळाली तर ठोकळा पातळ होतो आणि मूल जबडा मागे घेऊन ठोकळ्यांमागेच तोंड मिटतं. प्लेट तोंडात असते, काम शून्य. मेण मऊ असताना गाडीच्या डिकीत ठेवून पाठवलं तर एप्रिलच्या उन्हात मापाचा सत्यानाश. मेण थंड पाण्यात घट्ट करून, डब्यात, मॉडेलसोबत पाठवा.

पकड म्हणून ०.७ मिमीच्या तारेचे क्लास्प असतात. प्लेट सैल झाली तर पालकांनी पक्कड लावू नये. वाकवून वाकवून तार त्याच जागी तुटते आणि नवा क्लास्प बसवायला प्लेट परत लॅबला जाते.

वरच्या प्लेटमध्ये मधोमध स्क्रू ठेवतो तो का, हे पालक नेहमी विचारतात. प्लास्टरची वरची-खालची मॉडेल्स हातात घ्या आणि खालचं मॉडेल पुढे सरकवून दाढा क्लास १ मध्ये आणा. लगेच दिसेल की खालच्या कमानीचा मागचा रुंद भाग आता वरच्या अरुंद भागासमोर आला आणि बाजूचा चावा उलटा झाला. म्हणून वरचा स्क्रू साधारण आठवड्यातून एकदा फिरवतात.

सरळ_रेषा

उत्तम लिहिलंय. पण ट्विन ब्लॉकच्या वयाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. दात पुढे आहेत म्हणून आठव्या वर्षी प्लेट देऊन परत तेराव्या वर्षी तारा, असे दोन टप्पे आपल्याकडे सर्रास होतात. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या अभ्यासांमध्ये लवकर सुरू करणाऱ्यांचा आणि वाढीच्या वेगवान काळात एकाच टप्प्यात करणाऱ्यांचा शेवटचा चावा जवळपास सारखाच निघाला. लवकर केल्याचा ठोस फायदा एकच, पुढचे दात आपटून तुटण्याचं प्रमाण कमी होतं. बाकी मुलाची सहनशक्ती पहिल्या टप्प्यातच संपते आणि तारांच्या वेळी ते रबर लावायला नकार देतं.

वाढीचा वेग सेफमध्ये मानेच्या मणक्यांच्या आकारावरून कळतो. दुसऱ्या, तिसऱ्या मणक्याची खालची कड आत वळायला लागली की योग्य वेळ जवळ आली. मुलींत हे साधारण १० ते १२, मुलग्यांत १२ ते १४.

तिरकी_दाढ

सहमत, दोन अपवाद धरून. वरचे पुढचे दात खालच्यांच्या ९-१० मिमी पुढे आहेत, ओठ मिटतच नाहीत आणि मूल रोज मैदानावर असतं, तिथे दात तुटण्याचा धोका खरा आहे. आणि शाळेत दातांवरून इतकं चिडवतात की मूल तोंडावर हात धरून बोलतं, तर तेही कारण पुरेसं मानावं. अशा वेळी लवकर करावं, पण पालकांना "दुसरा टप्पा लागेल" हे लेखी सांगून.

क्लास ३ मध्ये मात्र उलट हिशेब. वरचा जबडा मागे असेल तर फेसमास्क (कपाळ आणि हनुवटीवर टेकणारी चौकट) १० वर्षांच्या आत लावलेला बरा. आधी किंवा सोबत टाळूचा स्क्रू, मग सुळ्यांजवळच्या हुकांपासून मास्कपर्यंत रबर, प्रत्येक बाजूला ३५० ते ४५० ग्रॅम, ओढ ३० अंश खाली, दिवसाला १२ ते १४ तास. म्हणजे शाळेतून आल्यापासून सकाळपर्यंत. हनुवटी लाल होते, तिथे मलमलीचं कापड दुमडून घाला आणि रोज धुवा. उलटा चावा सुलटा झाल्यावर लगेच थांबायचं नाही, २ ते ४ मिमी जास्तीचा घ्यायचा, कारण खालचा जबडा वयात येताना पुन्हा वाढतो. घरात कोणाचा जबडा पुढे असेल तर वाढ संपेपर्यंत दर वर्षी दाखवत राहायचं.

हडपसरची_हवा

ट्विन ब्लॉकने अंतर कमी झालं हे खरं कधी मानायचं? काही मुलं डॉक्टरांसमोर जबडा पुढे धरून बसतात.

सरळ_रेषा

दुहेरी चावा म्हणतात तो हाच. मुलाला गप्पांत गुंतवा, पाठीवर झोपवून जबडा सैल सोडायला सांगा, मग अंतर मोजा. शंका असेल तर काही दिवस प्लेट बंद ठेवून परत मोजा. ठोकळे घालून ६ ते ९ महिने आणि नंतर आधार म्हणून आणखी काही महिने, हा साधारण काळ. प्लेट खातानाही तोंडात हवी. पहिला आठवडा बोबडं बोलणं आणि लाळ हे होणारच. मुलाला रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचायला लावा, जीभ लवकर रुळते. डीप बाइट असेल तर वरच्या ठोकळ्याचा मागचा भाग दर भेटीत १-२ मिमी घासतात, म्हणजे खालच्या दाढा वर येतात. ओपन बाइट असेल तर अजिबात घासायचं नाही.

अमलताश_५

तारांच्या मोठ्या विषयात जनरल डेंटिस्टकडचा छोटा मुद्दा राहून जातो. मोठ्या माणसाचा चावा अचानक बदलला तर आधी नवं फिलिंग किंवा कॅप बघा. खालची दाढ सुन्न असताना माणूस जबडा कुठेही मिटतो, त्यामुळे खुर्चीत "बरोबर लागतंय" या उत्तराला अर्थ नसतो. दुसऱ्या दिवशी सरळ बसवून परत तपासायचं. ४० मायक्रॉनचा आर्टिक्युलेटिंग पेपर (चावल्यावर दातावर खूण उमटवणारा कागद), दोन रंगांत: एकाने सरळ मिटण्याच्या खुणा, दुसऱ्याने बाजूला घासण्याच्या. दात कोरडा केल्याशिवाय खूण उमटत नाही. गडद डाग म्हणजे उंच जागा असं समजू नका. मधे पांढरा ठिपका आणि भोवती रंगाचं कडं दिसलं तर तो ठिपका खरा उंचवटा.

आणि चावा जुळवण्यासाठी म्हणून निरोगी दात घासत सुटणं, हे मॉडेल्स आर्टिक्युलेटरवर (जबड्याची हालचाल दाखवणाऱ्या यंत्रावर) बसवून अभ्यास केल्याशिवाय कोणी करत असेल तर उठून या. एनॅमल, म्हणजे दाताचं कडक आवरण, परत येत नाही. जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यासाठी तारा लावून घेणंही तसंच. तारांनी ते दुखणं होत नाही आणि तारांनी ते बरं होईल अशी हमीही कोणी देऊ शकत नाही.

पेठेतला_वाडा

दात काढायचे की नाही हे कसं ठरतं? एक डॉक्टर चार उपदाढा काढायला सांगतात, दुसरे म्हणतात घासून जागा होईल.

तिरकी_दाढ

हा मताचा प्रश्न वाटतो, पण त्यात सरळ बेरीज आहे. दातांच्या १ मिमी गर्दीला १ मिमी जागा लागते. पुढचे दात १ मिमी मागे न्यायचे तर कमानीच्या दोन्ही बाजू मिळून २ मिमी. समजा गर्दी ५ मिमी आणि दात ३ मिमी मागे न्यायचेत: ५ अधिक ६, म्हणजे ११ मिमी. दोन दातांमधून पट्टीने एनॅमल घासून प्रत्येक फटीत ०.२ ते ०.५ मिमी मिळतात, त्यामुळे कमानीत सुरक्षितपणे ३-४ मिमी, फार ताणलं तर थोडे जास्त. ११ त्यात बसत नाहीत. पहिल्या उपदाढेची रुंदी साधारण ७ मिमी, एका कमानीतल्या दोन काढल्या की १४. त्यातली काही जागा दाढा पुढे सरकून खातात. तसं होऊ द्यायचं नसेल तर मुळांच्या मधे साधारण दीड मिमी जाड, ८ मिमी लांब मिनी-स्क्रू बसवून त्यालाच ओढ देतात. जागा महिन्याला साधारण १ मिमीने मिटते, म्हणून नुसती जागा मिटायलाच सहा-आठ महिने जातात.

गर्दी ३ मिमी आणि ओठ छान मिटत असतील तर दात काढू नका. दोन्ही डॉक्टरांकडून ही बेरीज कागदावर मागा. जो आकडे देऊ शकत नाही त्याच्याकडे सुरू करू नका.

निळी_सायकल

डीप बाइटमध्ये पुढच्या दातांमागे सिमेंटचे उंचवटे लावतात, त्यानंतर दाढा टेकतच नाहीत. जेवायचं कसं?

सरळ_रेषा

तेच अपेक्षित आहे. उंचवट्यांमुळे खालच्या ब्रॅकेटवर (तार धरायला दातावर चिकटवलेला तुकडा) वरचे दात आदळत नाहीत आणि दाढांना वर यायला जागा मिळते. पहिले दोन आठवडे मऊ भात, खिचडी, पोळी दुधात किंवा वरणात कुस्करून. दाढा काही आठवड्यांत टेकायला लागतात. चेहरा आधीच लांबट असेल तर मात्र दाढा वर आणणं चुकीचं, तिथे पुढचे दात हाडात आत ढकलतात.

चौथा_मजला

तारांसोबत वरच्या-खालच्या दातांमध्ये ताणून लावायच्या रबराबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि तारांचे शेवटचे सहा महिने एकतर सहाच राहतात नाहीतर रबरापायी सोळा होतात.

पाकिटावर दोन आकडे असतात. १/४ इंच हा आतला व्यास, ४.५ औंस ही ओढ, आणि ती ओढ व्यासाच्या तिप्पट ताणल्यावरची. म्हणजे १९ मिमी ताणल्यावर साधारण १२७ ग्रॅम. क्लास २ मध्ये वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत, क्लास ३ मध्ये वरच्या दाढेपासून खालच्या सुळ्यापर्यंत. लाळेत पहिल्या काही तासांतच ओढ बरीच उतरते, म्हणून निदान रोज नवीन. २० ते २२ तास. फक्त रात्री लावलं तर दात रात्री पुढे आणि दिवसा मागे, बहुधा जागच्या जागी दुखत राहतात.

राहिलेले दिवस भरून काढायला दोन-दोन रबरं लावू नका. जास्त ओढीने दात जास्त वेगाने जात नाही, उलट मुळांवर ताण येतो. एका बाजूचं संपलं म्हणून एकच बाजू चालू ठेवली तर मधली रेघ सरकते. दोन्ही बाजू बंद ठेवा आणि त्याच दिवशी पाकीट आणा. लॅटेक्सने तोंडाला खाज, सूज येत असेल तर लॅटेक्स नसलेली मिळतात.

डॉक्टरांसाठीही एक: ही रबरं ०.०१९ × ०.०२५ इंचाच्या जाड स्टीलच्या तारेवर द्यावीत. पातळ निकेल-टायटॅनियमवर दिली की खालची दाढ वर उचलली जाते, खालचे पुढचे दात पुढे कलतात आणि चावा सुधारल्यासारखा दिसून तारा काढल्यावर परत जातो.

मोगरा_१२

ब्रॅकेट सारखे निघतात त्यात चूक कोणाची?

अमलताश_५

कधी निघाला त्यावर. पहिल्या दोन-तीन दिवसांत निघाला तर बहुधा चिकटवताना लाळ लागली. दात प्युमिसच्या भुकटीने घासून, ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड १५ ते ३० सेकंद लावून, धुऊन, कोरडा केल्यावर खडूसारखा पांढरा दिसायला हवा. त्या पांढऱ्या पृष्ठभागाला लाळेचा थेंब लागला तर पुन्हा अ‍ॅसिड लावावं लागतं, नुसतं पुसून चालत नाही. महिन्याने तोच खालचा ब्रॅकेट परत निघाला तर वरचा दात त्यावर आपटतोय. तिथे उंचवटा लागेल. आणि सोमवारी सकाळी निघालेला ब्रॅकेट हा बहुधा रविवारच्या बाकरवडीचा, चिक्कीचा किंवा उसाचा. पेरू आणि मक्याचं कणीस कापून, दाणे सोडवून खा. भाकरी कुस्करून चालते.

दुखण्याबद्दलही: तार बदलल्यावर काही तासांत सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सर्वाधिक, आठवड्यात जातं. पॅरासिटामॉल पुरतं, मुलांना वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून.

पांढरे डाग हा कायमचा तोटा. ब्रॅकेटभोवती मळ राहिला तर महिन्याभरातही एनॅमलमधून खनिज निघायला लागतं. पेस्टच्या वेष्टनावर फ्लोराइड १००० पीपीएमच्या आसपास लिहिलेलं असेल तीच घ्या. आयुर्वेदिक म्हणून घेतलेल्या पुष्कळ पेस्टमध्ये ते नसतंच. ब्रश ब्रॅकेटच्या वरून आणि खालून तिरका, तारेखाली छोटा गोल ब्रश. हिरडी ब्रॅकेटवर चढली असेल तर दर भेटीत नुसती तार बदलत राहू नका, आधी हिरडी बरी करा.

हडपसरची_हवा

मोठ्यांच्या अलाइनरबद्दलही लिहा. हिंजवडीत प्रत्येक दुसऱ्या टेबलावर ती डबी दिसते.

सरळ_रेषा

एका अलाइनरमध्ये दात साधारण ०.२५ मिमी हलवायचा बेत असतो. २० ते २२ तास घातला तर ७ ते १४ दिवसांनी पुढचा. गर्दी, लहान फटी, दातांचा सौम्य क्रॉसबाइट यात चांगलं काम होतं. गोल उपदाढा फिरवणं, दात खाली ओढणं, खोल डीप बाइट उघडणं यात संगणकावर दिसतं तेवढं तोंडात होत नाही. शेवटी नवा स्कॅन आणि जास्तीचे अलाइनर लागतात. त्यांचा खर्च पॅकेजमध्ये आहे का हे सुरुवातीलाच लिहून घ्या. दोन दाढांमधल्या प्लॅस्टिकच्या जाडीमुळे शेवटी मागचे दात किंचित न टेकण्याचीही शक्यता असते, बहुतेक वेळा ते पुढे आपोआप बसतं.

नवा अलाइनर घातल्यावर चघळायच्या रबरी नळकांडीवर प्रत्येक दाताने दाबून चावायचं. कड आणि दात यांत फट दिसत असेल तर पुढच्या क्रमांकावर जाऊ नका. आणि अमृततुल्य: गरम चहाने प्लॅस्टिक वाकतं, साखर आत अडकते आणि लाळ तिथे पोचत नाही. काढून प्या, चूळ भरून परत घाला. दिवसाचे पाच चहा प्रत्येकी वीस मिनिटं धरले तर शंभर मिनिटं तिथेच गेली, मग दोन जेवणं आणि नाश्ता कुठे बसवणार? चहा दोनवर आणा.

नुसता मोबाइलने फोटो पाठवून, एक्स-रे न काढता घरपोच अलाइनर येत असतील तर घेऊ नका. मुळांभोवती हाड किती आहे हे न बघता दात हलवणं धोक्याचं. हिरडीचा आजार असेल तर आधी तो आटोक्यात, मग दात हलवायचे. मधुमेह असेल तर साखरेचे रिपोर्ट सोबत न्या.

जबडा_विभाग

वाढ संपलेल्या वयात हाडाचाच मोठा फरक असेल तर शस्त्रक्रिया, तेही तारांसोबत. वाढ संपली हे सहा महिने ते वर्षाच्या अंतराने काढलेल्या दोन सेफमध्ये फरक नाही यावरून ठरवतात. आधी १२ ते १८ महिने तारा. या काळात चावा मुद्दाम आणखी बिघडलेला दिसतो, कारण दातांनी हाडाची चूक झाकायला घेतलेला कल काढावा लागतो. हे आधी सांगितलं नाही तर पेशंट मधेच उपचार सोडतात. वरचा जबडा ले फोर्ट १ पद्धतीने (दातांच्या मुळांच्या वरून आडवा कापून), खालचा दोन्ही बाजूंनी उभा चिरून सरकवतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवतात. खालच्या ओठाला बधिरपणा बऱ्याच जणांना येतो, बहुतेकांचा हळूहळू कमी होतो, काहींचा थोडा उरतो. सहीआधी हे विचारून घ्या. सहा आठवडे पातळ आणि मऊ खाणं, नंतर साधारण सहा महिने तारा.

पेठेतला_वाडा

कॉलेजमध्ये केलं तर खर्च कमी येतो म्हणतात. तिथे काय बघावं?

चौथा_मजला

भारती विद्यापीठ (धनकवडी), सिंहगड (वडगाव), रंगूनवाला (आझम कॅम्पस), डी. वाय. पाटील (पिंपरी) इथे ऑर्थोडॉन्टिक (दात-जबडा जुळवण्याचे) विभाग आहेत. काम एमडीएसचे (दंतशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीचे) विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करतात आणि वेळ देऊन करतात. अडचण एकच, कोर्स तीन वर्षांचा आणि दात काढलेली केस दोन-अडीच वर्षांची. विद्यार्थी पहिल्या वर्षाचा असेल तर तोच बहुधा शेवटपर्यंत राहतो. तिसऱ्या वर्षाचा असेल तर केस पुढे कोणाकडे जाणार हे नाव फाइलवर लिहून घ्या. सकाळची ओपीडी असते, शाळेची सुट्टी त्या हिशेबाने धरा.

बाहेर करत असाल तर डॉक्टरांची एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्सची नोंदणी बघा. शहर बदलण्याची शक्यता असेल तर सुरुवातीची मॉडेल्स किंवा स्कॅन, फोटो, ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे), सेफ यांच्या प्रती आपल्याकडे ठेवा, आणि ब्रॅकेटचा स्लॉट (तार बसायची खाच) ०.०१८ इंच की ०.०२२ व कोणत्या पद्धतीचे, तारेचा आत्ताचा क्रमांक, भरलेली रक्कम हे एका कागदावर घ्या. यातलं काही नसेल तर नवीन डॉक्टर पुष्कळदा सगळे ब्रॅकेट काढून परत लावतात.

निळी_सायकल

शेवटचं विचारते. तारा काढल्यावर खालच्या दातांमागे चिकटवलेली बारीक तार एका दातावरून सुटली, पण दुखत नाही. पुढच्या भेटीपर्यंत थांबलं तर चालेल?

तिरकी_दाढ

थांबू नका. बाकीचे दात धरलेले आणि एक सुटलेला असला की तोच हळूहळू फिरतो, आणि तार मधे असल्याने आरशात लवकर लक्षात येत नाही. दोन-तीन दिवसांत चिकटवून घ्या. तोवर काढघालीचा पारदर्शक रिटेनर (दात नव्या जागी धरून ठेवणारा साचा) दिलेला असेल तर तो दिवसरात्र घाला, फक्त गरम पाण्याने धुऊ नका, आक्रसतो. चिकटवताना डॉक्टरांनी तार दाबून दाताला लावू नये. तार स्वतःहून दाताला टेकत नसेल तर जुनी काढून नवीन बसवायची. दाबून चिकटवलेली तार आतून ओढ देत राहते आणि काही महिन्यांनी एखाद्या सुळ्याचं मूळ हिरडीतून बाहेर उमटलेलं दिसतं.

हिरडीतले तंतू नव्या जागेत बसायला वर्षापर्यंत लागतं, त्यामुळे पहिले सहा महिने रिटेनर पूर्ण वेळ, नंतर रोज रात्री. रात्री घालताना घट्ट लागायला लागला तर दात हलायला सुरुवात झाली आहे. परत पूर्ण वेळ घाला. दोन आठवड्यांत सैल झाला नाही किंवा पूर्ण बसतच नसेल तर दाबून बसवत बसू नका, नवीन माप द्या.